पूजा एका दिवसाची, जागा वर्षभराची

घटावर नववी माळ चढते आणि त्याच दिवशी घरातील हत्यारे पाटावर येतात. खंडेनवमी हे नावच मुळी खड्गावरून पडलेले. ज्यांच्या घरी तलवार होती त्यांनी तलवार पुजली. ज्यांच्या घरी नव्हती त्यांनी विळा, कोयता, नांगराचा फाळ पुजला. सुताराने रंधा आणि करवत मांडली, शिंप्याने कात्री, कारकुनाने दौत-लेखणी. आज त्याच पाटाशेजारी शिवणयंत्र असते, संगणक असतो. एस.टी.च्या गाडीला झेंडूचे तोरण असते, मुंबईच्या लोकलच्या डब्यातही आंब्याच्या पानांची माळ झुलते. कर्नाटक-तामिळनाडूत हीच नवमी आयुधपूजेची. बंगाल-ओडिशाकडे सप्टेंबरात विश्वकर्म्याच्या पूजेला कारखान्यांतील यंत्रे सजतात. ज्याच्या आधाराने पोट भरते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, ही भावना या देशात सर्वदूर आहे, आणि ती थोर आहे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

मराठी भाषेनेही या भावनेला साथ दिलेली आहे. लढवय्याच्या हातातील तलवार हेही हत्यार आणि सुताराच्या हातातील पटाशी हेही हत्यारच. एकाने राज्य राखले, दुसऱ्याने घर उभे केले. भाषेने दोघांत भेद केला नाही. म्हणूनच खंडेनवमीच्या पाटावर दोघांना एकच गंध-फूल मिळते.

तथापि आजच्या मंगल दिवशी थोडे कटू बोलण्याची परवानगी आम्ही वाचकांपाशी मागतो. आमचा प्रश्न साधा आहे. नवमीला पाटावर बसणारे हे हत्यार उरलेले वर्षभर कोठे असते?

बहुतेक घरांतील उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. ते जिन्याखाली असते, माळ्यावर असते, गोणपाटात गुंडाळलेले असते, पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत पक्कड, पाने, कानशी आणि गंजलेले खिळे यांच्या ढिगात उताणे पडलेले असते. ज्याला आपण नवमीला देवत्व देतो त्याला दशमीनंतर आपण साधी खुंटीही देत नाही. आणि आम्ही हे दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याच घरचा अनुभव सांगतो.

आमच्या घराला लागून मोटार ठेवण्याची एक शेड आहे. दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. मोटार आत शिरली की दोन्ही बाजूंचे मिळून साडेचार फूटही उरत नाहीत. त्या उरलेल्या जागेत आमचे फावल्या वेळचे सुतारकाम चालते. वडिलांनी वापरलेली हत्यारे त्याच शेडच्या कोपऱ्यात एका ट्रंकेत होती. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी स्नान करून, सोवळे नेसून, आम्ही पूजेसाठी ती काढावयास गेलो. ट्रंकेत हात घातला आणि तळहात चिरला गेला. कुंकवाचे बोट लागण्याआधी त्या पटाशीला आमचे रक्त लागले.

पण खरा चटका लागला तो जखमेचा नव्हे. पटाशी उजेडात धरून पाहिली, तेव्हा तिच्या पात्यावर एक काळपट-तांबडा थर दिसला. नखाने खरवडला तर त्यात तांदळाचा एक दाणा निघाला. ती आदल्या वर्षीची अक्षत होती! पूजेच्या दिवशी आम्ही पाण्याने प्रोक्षण केले, ओले कुंकू लावले, फुले वाहिली, आणि दुसऱ्या दिवशी पटाशी तशीच ट्रंकेत लोटून दिली. पाणी पोलादावर राहिले, वर ओलसर कुंकू राहिले, पावसाळ्याच्या दमट हवेने उरलेले काम पुरे केले. गंजाने पात्याला खड्डे पाडले होते. धारेला कानशीच्या संगतीने दाते पडले होते. आमच्या वडिलांनी ज्या पटाशीने घरातील देव्हाऱ्याच्या चौकटीची खाच पाडली, तिला वर्षभर आमची पूजाच खात होती.

शमीवृक्षाचा धडा

जखमेला पट्टी बांधून बसलो असताना आम्हांला विराटपर्वाची आठवण झाली. दसऱ्याला शमीपूजन आपण सर्वजण करतो. पांडवांनी अज्ञातवासाच्या प्रारंभी आपली शस्त्रे शमीवर ठेवली होती, म्हणून ही पूजा, एवढे घरातील लहान मूलही सांगते. परंतु ती ठेवली कशी, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

महाभारतकाराने तो प्रसंग मोठ्या बारकाईने वर्णिला आहे. पांडवांनी प्रथम धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या. ताण दिलेले धनुष्य वर्षभर तसेच राहिले तर त्याचा जोर जातो, हे त्यांना माहीत होते. मग नकुल त्या वृक्षावर चढला. त्याने दिसेल त्या फांदीला गाठोडे अडकविले नाही. ज्या फांद्या बळकट आणि जेथे पावसाची सर पोहोचणार नाही अशा जागा निवडल्या आणि तेथे शस्त्रे घट्ट बांधली. कोणी भलत्याने हात लावू नये याचीही तजवीज केली. वृक्षाला एक प्रेत टांगून ठेवले, म्हणजे दुर्गंधीने आणि भयाने कोणी जवळ येणार नाही.

आणि वर्ष सरल्यानंतर काय झाले? विराटाचा पुत्र उत्तर बृहन्नडेच्या सांगण्यावरून त्या वृक्षावर चढला, आवरण सोडले, तेव्हा ती धनुष्ये तेजाने झळकत होती. हे कोणाचे, ते कोणाचे, असे तो विचारीत गेला आणि अर्जुनाने एकेक ओळखून सांगितले. कौरवसेना समोर उभी ठाकली असता अर्जुनाला गांडीव शोधावे लागले नाही, घासावे लागले नाही, त्याची धास्ती बाळगावी लागली नाही. ते जेथे ठेवले तेथे होते, जसे ठेवले तसे होते.

बाजूला टांगलेल्या प्रेताचा भाग सोडा. पण बाकीच्या प्रसंगात हत्यार ठेवण्याचे सारे शास्त्र आलेले नाही काय? ताण उतरवून ठेवावे. ओल लागणार नाही अशा जागी ठेवावे. भार पेलेल अशा आधारावर ठेवावे. अजाण हात पोहोचणार नाही असे ठेवावे. आणि प्रत्येक वस्तू वेगळी ओळखता येईल अशी ठेवावी. शमीची पाने आपण मस्तकी लावतो, तिला प्रदक्षिणा घालतो. परंतु शमीने जे काम केले ते आपल्या घरात कोण करणार? आमच्या मते प्रत्येक हत्यार बाळगणाऱ्या घरात एक लहानशी शमी उभी असली पाहिजे.

मांडणी आणि देव्हारा

जागा नाही, ही सबब आम्हीही पुष्कळ वर्षे सांगत आलो. या सबबीचे उत्तर आम्हांला घरातूनच मिळाले. आमची जखम पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, माझे स्वयंपाकघर तुमच्या शेडीपेक्षा लहान आहे. पण दिवे गेले तरी मला उलथने सापडते. तुमची पक्कड दिवसाढवळ्या सापडत नाही."

हे बोलणे झोंबले, पण खरे होते. भिंतीवरच्या मांडणीत ताटे उभी राहतात, वाट्या एकात एक बसतात, पळ्या-झारे कडेच्या आकड्यांना लटकतात. आपल्या आज्या-पणज्यांनी तर याहून अल्प साधनांत संसार मांडले. भिंतीत कोनाडा, कोनाड्याखाली खुंटी, आढ्याला शिंके, कोपऱ्यात उतरंड. जमीन थोडी असेल तर वस्तू उभी करावी, टांगावी, एकावर एक रचावी, हे ज्ञान आपल्या घरांत पूर्वापार आहे. पुरुषांनी मात्र ते शेडीच्या दारापर्यंत येऊ दिले नाही.

आणि देव्हारा तरी दुसरे काय आहे? हातभर चौरसात सारे पंचायतन नांदते. मधला देव ठरलेला, चार कोपऱ्यांचे चार ठरलेले. शंखाची जागा वेगळी, घंटेची वेगळी, समईची वेगळी. पहाटेच्या अंधारातही पूजा करणाऱ्याचा हात चुकत नाही. देवाला आपण जे देतो त्यांत नैवेद्य, फुले, धूप हे सारे येते; पण सर्वांत आधी आपण त्याला आसन देतो. षोडशोपचारांत आवाहनानंतर लगेच आसनाचा क्रम येतो, गंध-पुष्प पुढे कितीतरी नंतर. हत्याराच्या पूजेत मात्र आपण आसन वगळून एकदम गंध-फुलावर येतो.

म्हणून आम्ही ठरविले की येती नवमी येण्यापूर्वी हत्यारांना आसन द्यावयाचे.

तीन फुटांची शमी

ते कसे केले हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण ज्यांच्या घरी अशीच अरुंद शेड, व्हरांड्याचा कोपरा किंवा जिन्याखालची जागा असेल त्यांना त्याचा उपयोग व्हावा. दोन सुट्ट्यांचे काम आहे. सुतारकामाची थोडी ओळख असलेल्यास ते जमते. नसल्यास जवळच्या सुतारमिस्त्रींना आदराने बोलवावे आणि शेजारी उभे राहून शिकावे.

भिंतीवर खिळे ठोकून हत्यारे टांगणे हा सर्वांत सोपा मार्ग. आम्ही तो घेतला नाही. आमच्या शेडीची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, आणि ओल्या भिंतीला टेकलेले पोलाद गंजावाचून राहत नाही. शिवाय मोटार आत असली की त्या भिंतीशी उभेही राहता येत नाही. म्हणून चाकांवरचा उभा स्टँड केला. मोटार आत असताना तो कोपऱ्यात दडतो. मोटार बाहेर गेली की मधोमध येतो आणि त्याच्या दोन्ही अंगांनी काम करता येते.

त्याची बैठक २ फूट लांब आणि दीड फूट रुंद. खाली २ इंच चौरस लाकडाची चौकट, तिच्यावर १८ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी, आणि चार कोपऱ्यांना ३ इंची चाके. त्यांपैकी दोन चाकांना अडसर हवाच, नाहीतर करवत काढताना स्टँड पळू लागतो. या बैठकीच्या दोन लांब कडांवर १२ मिलिमीटर प्लायवूडचे दोन पाट उभे केले, प्रत्येकी २ फूट रुंद आणि ४ फूट उंच. दोन्ही पाट वर एकमेकांकडे कलते, माथ्यावर एका ३ इंची पट्टीने जोडलेले. उतरत्या छपराच्या घराला खूप ताणून उंच केले तर जसे दिसेल तसा त्याचा आकार. दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या मारल्या की तो डुलत नाही. पाट कलता असल्यामुळे हत्यार पाठ टेकून बसते, धक्का लागला तरी निसटत नाही.

आता हिशेब पाहा. बैठकीने जमीन व्यापली ती ३ चौरस फूट. टांगण्यास जागा मिळाली ती दोन पाटांची मिळून १६ चौरस फूट. शिवाय दोन पाटांमधल्या पोकळीत खिळ्या-स्क्रूंचे डबे आणि ड्रिलची पेटी राहते ती वेगळीच.

पाटावर थेट खिळे मारण्याऐवजी आम्ही एक जुनी सुतारी युक्ती वापरली. साडेतीन इंच रुंदीची, १८ मिलिमीटर जाडीची पट्टी मधोमध ४५ अंशांत तिरकी चिरावी. एका पट्टीच्या दोन होतात. एक अर्धी पाटावर आडवी बसवावी, तिची तिरकी कड वर आणि उतार पाटाच्या दिशेने. म्हणजे पाट आणि पट्टी यांच्यामध्ये खाच तयार होते. दुसरी अर्धी हत्यार धरणाऱ्या लाकडी तुकड्याच्या पाठीला उलटी बसवावी. ती त्या खाचेत वरून अडकते, आणि जितका भार तितकी घट्ट बसते. हवी तेव्हा उचलून दुसरीकडे लावता येते. उद्या नवे हत्यार आले तर खिळे उपटण्याचे कारण नाही. प्रत्येक पाटावर अशा तीन पट्ट्या पुरतात. त्या सरसासह २५ मिलिमीटरच्या स्क्रूंनी बसवाव्या. याहून लांब स्क्रू पाटाच्या पलीकडे टोक काढतो आणि एखाद्या दिवशी हात फाडतो.

एक गोष्ट मात्र कोणीही गाळू नये. पट्टी बसविण्यापूर्वी पाट जमिनीवर आडवा ठेवावा आणि सारी हत्यारे त्यावर मांडून पाहावी. आमचा एक संपूर्ण दुपारचा वेळ यात गेला, पण तो सर्वांत सत्कारणी लागला. जड वस्तू खाली, म्हणजे स्टँड उलटत नाही. रोज लागणारी वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात. दोन्ही पाटांवर भार सारखा. पटाश्या आणि किंकरी धार खाली करून खाचांच्या फळीत, आणि धारेपुढे आडवी पट्टी, म्हणजे जाता-येता कोणाला लागू नये. कानशी प्रत्येक वेगळी, कारण त्यांचे दाते एकमेकांवर घासले की बोथट होतात. रंधा बुडाखाली पातळ पट्टी देऊन ठेवावा, म्हणजे त्याचे पाते फळीवर टेकत नाही. गुण्या आणि ओळंबा हातोडीपासून दूर. सरळपणा सांगणाऱ्यांना ठोकाठोकीची संगत नको. पाने लहान-मोठ्या क्रमाने. आणि चौथाई जागा रिकामी ठेवावी. भरगच्च स्टँड वर्षभरात पुन्हा ट्रंक होतो.

शेवटी प्रत्येक हत्याराभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तिच्या आतील भाग रंगविला. हत्यार उचलले की त्याची आकृती मागे राहते. सायंकाळी शेड बंद करताना एकवार पाहिले की कोणती आकृती रिकामी आहे हे लगेच कळते. कोणते हत्यार बाकाखाली लोळत आहे आणि कोणते शेजाऱ्यांकडे पाहुणे गेले आहे, हेही कळते. जपानच्या कारखान्यांतून पुढे आलेली पाच 'एस'ची शिस्त आज आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतही फलकांवर दिसते. वापरात नसलेले वेगळे काढावे, उरलेल्याला जागा द्यावी, ती स्वच्छ राखावी, असा तिचा आशय. देव्हारा रोज आवरणाऱ्या घराला तो नवा वाटू नये.

दोन आक्षेप

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की हे सुतारकाम झाले, यात भक्ती कोठे आली? आम्ही नम्रपणे विचारतो, संत सावता माळी, संत नरहरी सोनार, संत सेना न्हावी यांनी आपला धंदा आणि आपली भक्ती यांत भिंत घातली होती काय? कोणी मळ्यात, कोणी सोनाराच्या पेढीवर, कोणी न्हाव्याच्या धोकटीच्या परिभाषेत विठ्ठलाला आळविले. हातातले काम आणि त्या कामाचे साधन हेच त्यांनी उपासनेचे द्वार मानले. त्या संतांची नावे घेणाऱ्या घरात हत्याराला खुंटी देणे हे भक्तीबाहेरचे कसे ठरेल?

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आज हत्यारे सहज मिळतात. गंजले तर टाकावे, नवे आणावे. एवढा खटाटोप कशाला? या आक्षेपातील अर्धे सत्य आम्ही मान्य करतो. काही वस्तू खरोखर स्वस्त झाल्या आहेत आणि घरोघरी जुन्या लोखंडाचे संग्रहालय उभे करावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जे कामाचे राहिलेले नाही ते कृतज्ञतेने मोडीत द्यावे. आम्हीही ट्रंकेतील निम्मे लोखंड मोडीत दिले. परंतु जे टाकण्याजोगे आहे ते पुजण्याजोगे कसे? दोन्ही एकाच वेळी खरे मानता येणार नाही. पाटावर मांडून ज्याला आपण हात जोडले त्याला वर्षभर जपण्याची जबाबदारी त्या नमस्कारातच आलेली आहे. ती नको असेल तर नमस्कारही करू नये, हे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

आणि यात धातूच्या किमतीपलीकडचेही काही आहे. ढिगात पडलेल्या हत्याराला मूल हात लावीत नाही, किंवा लावते तेव्हा रक्त काढते. मग घरातील मोठी माणसे म्हणतात, "तिकडे जाऊ नकोस." असे दहा वर्षे म्हटले की त्या घरात खिळा ठोकण्यासाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. वडिलांच्या हातातील कसब मुलाच्या हातात उतरायचे, तर हत्यार दिसले पाहिजे, त्याचे नाव कळले पाहिजे, ते घेण्याची आणि परत ठेवण्याची रीत ठरलेली पाहिजे. उत्तराने "हे कोणाचे?" असे विचारले, कारण प्रत्येक शस्त्र त्याला वेगळे दिसले. ट्रंकेतील ढिगाला तो हा प्रश्न कसा विचारणार?

पूजा स्टँडवरच करावी

म्हणून यंदाच्या खंडेनवमीसाठी आमची एक सूचना आहे. हत्यारे उचलून पाटावर आणण्याऐवजी पूजेचे तबक घेऊन त्यांच्या जागी जावे. स्टँड पुसून घ्यावा, त्यापुढे रांगोळी काढावी, माथ्याला झेंडूचे तोरण बांधावे. प्रत्येक हत्याराला त्याच्याच आसनावर गंध-अक्षता-फूल द्यावे. कुंकू मुठीला लावावे, पात्याला नको. पाणी शिंपडायचे ते नावापुरते. अनेक घरांत पूजेचे हत्यार त्या दिवशी उचलीत नाहीत. ती रीत उत्तम आहे, तिने त्याला विश्रांती मिळते.

दुसऱ्या दिवशी मात्र निर्माल्य काढावे. देवावरचे शिळे फूल आपण दुसऱ्या सकाळी ठेवीत नाही. मग हत्यारावरचे वर्षभर का? फुले, अक्षता, कुंकू कोरड्या फडक्याने पुसावे आणि पोलादावर यंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. यासाठी घरातील गोडेतेल वापरू नये; ते काही दिवसांनी चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. अभ्यंगाच्या तेलासारखे हे तेलही निथळता कामा नये, फक्त अंगाला लागलेले असावे. पावसाळा सुरू होताना आणि संपताना हा उपचार पुन्हा करावा. एवढे केले तर पुढच्या नवमीला गंज खरवडण्याची वेळ येत नाही.

वडिलांच्या त्या पटाशीचे काय झाले, असे वाचक विचारतील. गंज काढला, पण खड्डे पुरते गेले नाहीत. धार मात्र सहाणेवर घासून घासून परत आणली. पाते थोडे आखूड झाले आहे, त्याला इलाज नाही. आमच्या एका वर्षाच्या आळसाची ती किंमत आहे. आज ती वरच्या पट्टीवर डावीकडून पहिली आहे. तिच्याखालच्या रंगविलेल्या आकृतीत आम्ही मुद्दाम तिची पूर्वीची लांबी ठेवली आहे. पटाशी जागेवर बसली तरी टोकाशी अर्ध्या बोटाएवढा रंग उघडा दिसतो. तो पाहिला की काम संपल्यावर हत्यार पुसून ठेवण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

उद्या विजयादशमी. आपण सीमोल्लंघनाला जाऊ, आपट्याची पाने वाटू, शमीला नमस्कार करू. सीमा ओलांडून जाणे हे पराक्रमाचे खरे; पण जो परत येऊन आपल्या जागी विसावतो त्याचाच पराक्रम पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडतो. आपल्या हत्यारांनीही रोज कामाला निघावे, आपापले सीमोल्लंघन करावे, आणि दिवेलागणीला परत आपल्या घरी यावे. ते घर बांधून देणे हे आपले कर्तव्य आहे. दसऱ्याच्या साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेल्या या शुभ दिवशी पुष्कळ जण नवी वस्तू खरेदी करतील. ज्यांच्या घरी जुनी हत्यारे ट्रंकेत पडून आहेत त्यांनी यंदा एक प्लायवूडची फळी आणि चार चाके खरेदी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.